परराष्ट्र खातं आणि पिवळी राणी

राईस मिलच्या मागचा कोंड्याचा ढीग कोणी रचत नाही. पुढून तांदूळ निघत राहतो, मागे ढीग वाढत राहतो, आणि एक दिवस कोणीतरी थांबून म्हणतो, ‘अरे, हा एवढा कधी झाला?’ आमच्या किस्स्यांचं तसंच झालं आहे. परवा वैशालीचा फोन आला आणि आम्ही तासभर फक्त ‘अन् ते आठवते का’ एवढ्याच वाक्यावर बोलत होतो. फोन ठेवल्यावर म्हटलं, यातले चार तरी लिहून ठेवू या.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. गोंदियात स्टेशनच्या रस्त्याला मनोजभैयाचा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, त्यातल्या कोपऱ्यातल्या एकावर तो गेम. राज्यं चालवायचा. तुमचं एक राज्य, बाकीच्या राजांना कॉम्प्युटर चालवतो. दगडाच्या हत्यारांपासून सुरुवात करायची आणि विजेपर्यंत पोचायचं. शेती करा, शहरं बांधा, लढा. पण खरी मजा होती सौद्यात! स्क्रीनवर एक टेबल यायचं. इकडे तुमचा माल, तिकडे त्या राजाचा. तुमचे घोडे द्या, त्याचं लोखंड घ्या. तुमची छपाईची विद्या द्या, त्याचं होकायंत्र घ्या. राजांची नावं आम्हाला उच्चारता येत नसत, म्हणून त्यांना रंगावरून ओळखायचो. लाल राजा, हिरवा राजा, निळा राजा, पिवळी राणी.

आम्ही चौघं. रोज दुपारी दोन ते तीन. कॉम्प्युटर एक, राज्य एक, म्हणून खाती वाटून घेतली. लढाईचं खातं वैशालीकडे. ती माझी चुलत बहीण. आम्ही दोघं दवनीवाड्याहून एकाच बसने यायचो. शेती आणि बांधकाम उईकेकडे. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा. आणि परराष्ट्र खातं, म्हणजे सौद्याचं खातं, ते पव्याकडे. पव्या म्हणजे प्रवीण. बी.कॉम.ला दोनदा नापास. कोहमाऱ्याला हायवेवर मामाचं टायरचं दुकान होतं, तिथे त्याचं बालपण गेलं.

मी तेव्हा राज्यशास्त्रात बी.ए. फर्स्ट क्लास. माझ्याकडे काय? तर ‘नियोजन’. म्हणजे काहीच नाही!

मला परराष्ट्र खातं हवं होतं. एवढं मला त्या वर्षी दुसरं काही हवं नव्हतं, नोकरीसुद्धा नाही. पण आमचा नियम कडक होता. ज्याचं खातं त्याच्याच हातात माउस, आणि बाकी तिघांचं एकमत झालं तरच खातं बदलेल. पव्याचा मी हेवा करायचो असं वैशाली आजही म्हणते. मी तेव्हा त्याला ‘तात्त्विक मतभेद’ म्हणत असे.

* * *

खरं म्हणजे ते खातं आधी माझंच होतं. अकरा दिवस.

माझं धोरण होतं. वहीत लिहिलेलं. थापा मारायच्या नाहीत. दुबळ्याला लुटायचं नाही. आणि ज्ञान विकायचं नाही! पहिल्याच आठवड्यात मी ते अमलात आणलं. पिवळ्या राणीचं बेटावर तीन खेड्यांचं राज्य होतं आणि तिच्या लोकांना लिहिता येत नव्हतं. मी तिला लेखनाची विद्या फुकट देऊन टाकली. सगळे ओरडले. मी म्हणालो, “माझ्या आज्याच्या हातात पन्नाशीनंतर पाटी आली. मी अक्षरं विकणार नाही!”

मग पव्या म्हणाला, “तिनं मागतली होती का?”

“नाही.”

“मंग?”

दुसऱ्या आठवड्यात मी लाल राजाला लोखंड दिलं आणि बदल्यात त्याच्याकडून मैत्रीचा करार घेतला. करार म्हणजे करार, असं मला वाटलं होतं. तीन दिवसांनी त्याचं सैन्य आमच्या वेशीवर उभं!

वैशालीनं एकेक सैनिक नीट पाहिला. म्हणाली, “दादा, तलवारी मस्त आहेत. आपल्याच लोखंडाच्या आहेत न!”

लगेच मतदान झालं. वैशालीनं हात वर केला. पव्यानं केला. उईकेनं केला तेव्हा मला वाटलं, हा पंख्याचा वारा घेतोय.

* * *

पव्यानं खातं घेतलं त्याच दिवशी राज्याचा नकाशा तळापासून वरपर्यंत पाहिला. मी अकरा दिवसांत एकदाही पाहिला नव्हता. मी धोरणात होतो.

“हे पिवळं-पिवळं का आहे?” त्यानं विचारलं.

“धान,” उईके म्हणाला.

“तीन जागी?”

“हव,” त्यानं मान डोलावली.

“आपल्याले लागते किती?”

“एक.”

आमच्या राज्यात भाताच्या तीन जागा होत्या आणि लोकांचं पोट एकीवर भरत होतं. दोन जागांचं धान नुसतं पडून होतं. पव्यानं हिरव्या राजाला एका जागचं दिलं आणि घोडे आणले. निळ्याला दुसऱ्या जागचं दिलं आणि गणित शिकून आला. पाच मिनिटांत!

मी म्हणालो, यात कौशल्य काय? योगायोग आहे.

पव्या माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. म्हणाला, “अबे प्रोफेसर, गोंदियात बसून तुले तांदूळ विकता येत नाही?”

* * *

त्या टेबलावर खाली एक बटण होतं. आपला माल मांडायचा आणि ते बटण दाबायचं. म्हणजे समोरच्या राजाला विचारायचं, ‘तुम्हीच सांगा, याचं काय द्याल?’ मी ते कधी दाबलं नव्हतं. मला ते हात पसरल्यासारखं वाटे. मी आपला न्याय्य भाव ठरवायचो, तो समोर ठेवायचो, आणि राजा नाही म्हणायचा.

पव्या दुसरं काही दाबतच नसे. “मामाच्या दुकानात ट्रकवाला जुना टायर घेऊन आला का मामा भाव सांगतच नाही,” तो म्हणायचा. “मामा टायरभोवती चक्कर मारते. मंग दुसरी मारते. तिसऱ्या चकरेले ट्रकवालाच बोलते.”

राजानं आकडा सांगितला तरी पव्या लगेच ‘हो’ म्हणत नसे. तो शेजारच्या टपरीवरून अर्धा चहा मागवायचा. चहा यायचा, तो फुंकायचा, बशीत ओतायचा. स्क्रीनवर हिरवा राजा हात जोडून उभा. तिकडे आमचा तास चाललेला!

एकदा मी उसळलोच. “अरे, तो कॉम्प्युटर आहे! तू वर्षभर बसलास तरी त्याला कंटाळा येणार नाही!”

पव्यानं बशी खाली ठेवली. “त्याले नाही येत बे. तुले येऊन राहिला न. थांबाची सवय माहा मीच लावून राहिलो मले.”

गंमत म्हणजे चहानंतर पव्या तो आकडा नाकारायचा, मालात एक काहीतरी वाढवून मागायचा, आणि राजा द्यायचा! दर वेळी! मी घरी जाताना बसमध्ये वैशालीला म्हणालो, “हे शोषण आहे.”

ती म्हणाली, “दादा, कोणाचं? मशीनचं?”

* * *

पण सगळ्यात जास्त मला खुपायची ती पिवळी राणी.

ती तीन खेड्यांची राणी महिन्याभरात कुठल्या कुठे गेली. बेटावरून उठली, जहाजं बांधली, चार बंदरं काढली. सगळ्यांत हुशार राज्य तिचं झालं. आणि ती पव्याला काहीही द्यायची! होकायंत्र मागितलं, दिलं. समुद्राचे नकाशे मागितले, दिले. लाल राजानं आमच्यावर दुसऱ्यांदा स्वारी केली तेव्हा पव्यानं थोडी साखर आणि हस्तिदंत समोर ठेवलं, आणि राणी आमच्या बाजूनं युद्धात उतरली. साखरेवर! हिरवा आणि निळा त्याच भावाला तोंड फिरवायचे.

टेबल उघडलं की तिचा चेहरा यायचा, आणि ती हसायची. बाकी राजे नुसते बघत. ही हसायची.

“काय जादू केली रे पव्याभाऊ?” वैशाली विचारायची.

“धंद्याची गोष्ट आहे,” पव्या म्हणायचा, आणि माझ्याकडे एक नजर टाकून चहा फुंकायचा.

ती नजर मला चार महिने पुरली. ज्या राणीला मी पाटी-पेन्सिल दिली, ती आता दुसऱ्याच्या चहाला हसत होती. कॉलेजात एक मुलगी माझ्या नोट्स नेऊन पास झाली आणि पेढे दुसऱ्यालाच दिले, तेव्हासुद्धा मला एवढं लागलं नव्हतं.

* * *

मधे एक किस्सा उईकेचा.

निळ्या राजाला मसाले हवे होते. आमच्या हद्दीत मसाल्याची जागा होती, पण वर घनदाट जंगल. पव्यानं उईकेला सांगितलं, तेवढं जंगल साफ कर, मसाला लाव, मी त्याच्याकडून छपाई आणतो. उईके ‘हव’ म्हणाला. आठवडा गेला, जंगल तसंच. पव्यानं पुन्हा सांगितलं. ‘हव.’ जंगल तसंच.

मला आनंद झाला. पव्याचा सौदा अडतोय, आणि तोही एका उदात्त कारणासाठी! मी उभा राहिलो आणि दहा मिनिटं बोललो. म्हणालो, “हा माणूस बोलत नाही, पण त्याचं मौन समजून घ्या. याच्या घरच्यांच्या चार पिढ्या जंगलात राबल्या आहेत. हा आपल्या हातानं झाड तोडणार नाही. तुमच्या छपाईपेक्षा याचं झाड मोठं आहे!” शेजारच्या कॉम्प्युटरवर नोकरीचा फॉर्म भरणाऱ्या दोघांनी मान डोलावली.

उईकेनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “तसं नाही. कापाचं बटन कुठं आहे तेच नाही सापडून राहिलं न मले.”

* * *

आता माझा. हा सांगायला मला आवडत नाही, पण वैशाली सांगेल त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

एका सोमवारी मी सकाळच्या पहिल्या बसने एकटाच गोंदियाला आलो. वैशालीला सांगितलं, लायब्ररीत काम आहे. कॅफे नुकताच उघडला होता, मनोजभैया अगरबत्ती फिरवत होता. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसलो आणि आमचा डाव उघडला. परराष्ट्र खात्यात शिरलो. वाटलं, कोणाच्या घरातच शिरलोय!

पिवळ्या राणीकडे मी गेलोच नाही. तिच्या दारात मला पव्याच्या चपला दिसायच्या. मी गेलो निळ्या राजाकडे. आमच्याकडे नुकतीच बारूद बनवायची विद्या आली होती, दुसऱ्या कोणाकडे ती नव्हती. मी ठरवलं, एक असा सौदा करायचा की तिघंही दुपारी तोंडात बोट घालतील. बारूद टेबलावर ठेवली. ‘तुम्हीच सांगा’ दाबलं. राजानं एक आकडा सांगितला. आता चहा मागवायचा, थांबायचं, सगळं मला पाठ होतं. मी मनात दहापर्यंत मोजायला सुरुवात केली.

चारला मी ‘हो’ दाबलं.

बारूद गेली. बदल्यात काय आलं? संगीत! संगीताची विद्या! राज्यात एक नाट्यगृह बांधता येईल एवढंच. मी घाबरून डाव सेव्ह न करताच बंद करायला गेलो तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग! कॉम्प्युटरखालचं बॅटरीचं यंत्र टी-टी करायला लागलं. त्यावर जेमतेम पाच मिनिटं मिळायची. मनोजभैया तिकडून ओरडला, “सेव करो, सेव करो, सब सेव करो!” आणि सवयीने माझ्या हातानं सेव्ह केलं.

दुपारी दोनला मी लायब्ररीतून आल्यासारखा चेहरा करून आलो. पव्यानं डाव उघडला. दोन सेकंद पाहिलं. मागे वळला नाही. फक्त म्हणाला,

“माह्या गल्ल्यावर कोण बसला होता बे?”

उईकेनं पंख्याकडे पाहिलं. वैशालीनं माझ्याकडे.

मला वाटलं, आता हा मारणार. पण पव्या कामाला लागला. विद्या दिली तरी आपल्याकडे उरतेच, म्हणून तीच बारूद घेऊन तो हिरव्या राजाकडे गेला, मग पिवळ्या राणीकडे, मग जुना वैरी लाल राजा, त्याच्याकडेसुद्धा. एका दमात तिघांना विकून आला. चहाही घेतला नाही. “एकाकडे गेली न, उद्या तो बाकीच्याईले विकन,” तो म्हणाला. “मंग आपणच काऊन नाही? शिळी व्हायच्या आत विकून टाकाची.” त्या एका तासात आमच्या राज्यात औषधविद्या आली, रेशीम आलं, बँका आल्या. आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी कमाई!

माझ्या चोरीवर याचा विक्रम झाला. सांगा, यापेक्षा वाईट काय होऊ शकतं?

जाताना पव्यानं खांद्यावर हात ठेवला. “सकाळची बस पकडून आला होता न? नाश्ता तरी केला होता का बे?”

हे वाईट होतं.

* * *

मग पव्याची ख्याती झाली. दोन वाजले की मनोजभैया गिऱ्हाइकांना बोलवायचा, “आओ, पव्या का सौदा देखो।” खुर्चीमागे पाच-सहा माणसं. एक दिवस त्यात एक तांदळाचे व्यापारी होते. मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायला आले होते, फॉर्म राहिला बाजूला, तासभर उभं राहून पव्याला बघत राहिले. हिरव्या राजानं चौथ्यांदा भाव वाढवला तेव्हा त्यांनी मनोजभैयाला विचारलं, “ये लड़का किसका है?”

पुढच्या आठवड्यात पव्याला नोकरी लागली. त्याच व्यापाऱ्यांच्या रायपूरच्या ऑफिसात, माल खरेदीला. बी.कॉम. दोनदा नापास! मी त्याच वर्षी चार मुलाखती दिल्या होत्या. प्रत्येकीत मी धोरण सांगितलं होतं.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. त्या दिवशी शेटजींनी जाता-जाता माझ्याकडेही बोट केलं होतं. “और ये?”

“ये प्रोफेसर है,” मनोजभैया म्हणाला.

“अच्छा,” शेटजी म्हणाले.

तो ‘अच्छा’ मला अजून ऐकू येतो.

* * *

पव्याची गाडी शनिवारी दुपारी होती. बॅग घेऊन तो थेट कॅफेतच आला. नवा शर्ट, इस्त्री केलेला. मला त्या शर्टाचाही राग आला.

दोनला आम्ही बसलो. पव्या माउसला हात न लावता म्हणाला, “माहं खातं प्रोफेसरले द्या.”

वैशालीनं हात वर केला. उईकेनं केला, या वेळी मला पंख्याची शंका आली नाही. मी त्या खुर्चीवर बसलो. आठ महिने ज्या खुर्चीकडे पाहत होतो ती खुर्ची, आणि मिळाली कशी? तर त्यानं सोडली म्हणून! मला ना आनंद झाला, ना काही.

“राणीकडे जाय,” पव्या म्हणाला.

टेबल उघडलं. राणी आली. आणि हसली.

“तुझी सवय लागली तिला,” मी म्हणालो.

“तिच्या तोंडावर माउस ठेव. ठेव अन् थांब. हालवू नोको.”

मी ठेवला. काहीच झालं नाही. मी हलवणार तेवढ्यात पव्यानं माझा हात वरून दाबून धरला. सेकंदभरानं राणीच्या चेहऱ्याशेजारी एक चौकट उघडली. आठ महिन्यांत मी ती कधी पाहिली नव्हती. मी कधी कुठे एक सेकंद थांबलोच नव्हतो. राणी आपल्याला का मानते, त्याची यादी होती ती. प्रत्येक कारणापुढे गुण. वैशालीनं वाकून वाचलं आणि मराठीत सांगायला लागली.

“व्यापार करता, एक. आमच्या शत्रूशी लढलात, एक.” मग ती थांबली. “आम्ही मागासलेले होतो तेव्हा तुम्ही आम्हाला विद्या दिलीत अन् बदल्यात काही मागितलं नाही. सहा.”

बाहेर मालगाडीचा आवाज येत होता.

“हे तुला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“गल्ल्यावर बसलो त्याच दिवसापासून.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“सांगतलं असतं तं तू सगळ्याईलेच फुकट वाटत सुटला असता.” पव्यानं बॅग खांद्यावर टाकली. “होकायंत्र आलं, नकाशे आले, ती लढाले आली. माहं काय होतं त्याच्यात? माल सारा तुहाच होता बे. मी तं नुसता गल्ल्यावर बसलो होतो.”

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण तेवढ्यात स्क्रीनवर टुण्ण वाजलं. राणीकडूनच निरोप आला होता. तिच्या राज्यात अंधार आहे. आम्ही नुकतीच वीज शिकलो आहोत. ती विद्या तिला द्याल का? बदल्यात तिच्याजवळ सध्या काही नाही. खाली दोन बटणं, ‘देतो’ आणि ‘देत नाही’, आणि मधे ते तिसरं, ‘तुम्हीच सांगा’.

आणि खाडकन लाइट गेली.

पंखे थांबले. यंत्र टी-टी करायला लागलं. मनोजभैया ओरडला, “सेव करो, सब सेव करो!”

“दादा, लवकर!” वैशाली म्हणाली. “देऊन टाक नाहीतर नाही म्हण!”

“देल्ली तं पुन्हा सहा गुण भेटतील,” उईके म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं ते पाचवं वाक्य होतं.

“फुकट नोको देऊ,” पव्या दारातून म्हणाला. “नाहीतं दे. अबे पण काहीतरी दाब न! गाडी आहे माही, दहा मिनिटं राहिली! का करून राहिला?”

यंत्राचा आवाज जलद झाला. राणी माझ्याकडे बघून हसत होती. माझा हात माउसवर होता. पव्या दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. आठ महिन्यांत मी त्याला कधी घाईत पाहिलं नव्हतं.

मी माउसवरून हात काढला, खुर्चीत मागे टेकलो, आणि आवाज दिला,

“भैया, एक अर्धा चहा सांगा!”